उलगडा आणि पडताळा : एका संगणकीय खेळाच्या संहितेचे पुनर्वाचन

(१)

बीड येथील पाटांगणाच्या परंपरेतील ज्ञानेश्वरीची एक पोथी विसाव्या शतकाच्या प्रारंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या हाती आली आणि तिच्या आधारे त्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरीची आपली संहिता छापून प्रसिद्ध केली. ‘ज्ञानेश्वरीतील मराठी भाषेचे व्याकरण’ हा त्यांचा ग्रंथही याच पोथीतील भाषेवर उभा आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, केलेल्या शुद्धीपूर्वीची भाषा या पोथीत टिकून राहिली आहे, असे राजवाड्यांचे प्रतिपादन होते. ते काहींनी स्वीकारले, काहींनी त्यावर आक्षेप घेतले. परंतु दोन्ही पक्षांची अडचण एकच राहिली. मूळ पोथी नंतरच्या अभ्यासकांस पडताळणीसाठी उपलब्ध राहिली नाही. छापील संहितेतील एखादे रूप पोथीतील आहे, की वाचणाऱ्याच्या नजरेतून उतरलेले आहे, याचा निर्णय करण्याचे साधन त्यामुळे नाहीसे झाले.

संहिताशास्त्रात उलगडा आणि पडताळा ही दोन भिन्न कार्ये होत. दुर्बोध लेखनातून अर्थ काढणे हा उलगडा. काढलेला अर्थ स्वतंत्र साक्षीशी ताडून पाहणे हा पडताळा. पहिले कार्य बुद्धीच्या बळावर साधते. दुसरे मात्र साक्ष शिल्लक असेल तरच साधते आणि ती बहुधा शिल्लक नसते. याच कारणास्तव प्राचीन संहितांच्या अभ्यासकांस ज्याची उत्कंठा असावी असा एक प्रयोग अलीकडच्या काळात अगदी अनपेक्षित क्षेत्रात घडून आला. डॉस या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या जुन्या संगणकीय खेळाची अंतर्गत रचना बाहेरच्या अभ्यासकांनी, कर्त्याच्या आज्ञासंहितेवाचून, उलगडली. आणि त्यानंतर काही वर्षांनी कर्त्याची स्वतःची संहिता सापडली. व्यवहारात ‘रिव्हर्स इंजिनिअरिंग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उद्योगाचा विचार प्रस्तुत लेखात भाषाभ्यासाच्या दृष्टीने करावयाचा आहे.

(२)

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ जॉर्डन मेकनर यांनी ॲपल टू या संगणकासाठी लिहिला आणि ब्रॉडरबंड या अमेरिकन कंपनीने तो १९८९ साली प्रसिद्ध केला. वजीर जाफरने कोंडलेल्या राजकन्येस साठ मिनिटांच्या आत सोडवावयाचे, त्यासाठी तळघरातील खोल्या, सुळे, सरकते दरवाजे आणि पहारेकरी ओलांडावयाचे, असे त्याचे कथानक आहे. १९९० साली त्याचे डॉसवरील रूपांतर निघाले आणि भारतातील अनेक संगणककक्षांतून हा खेळ विद्यार्थ्यांच्या परिचयाचा झाला.

येथे ‘रूपांतर’ हा शब्द शब्दशः घ्यावयास हवा. ॲपल टू या यंत्राचा प्रक्रियक ६५०२ हा होता. १९८१ साली आलेला आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आणि त्याबरोबरची डॉस प्रणाली ही इंटेलच्या ८०८६ कुळातील प्रक्रियकावर आधारलेली होती. दोन प्रक्रियकांच्या आज्ञांची भाषा निराळी. म्हणून डॉसवरील खेळ हा मूळ ग्रंथाची निव्वळ नक्कल नसून दुसऱ्या भाषेत उतरवलेला ग्रंथ होता.

कार्यक्रमलेखक जी आज्ञावली लिहितो ती माणसास वाचता यावी अशा रूपात असते. तीत तो दरवाजास, फरशीस, पात्राच्या शक्तीस नावे देतो. कोठे काय का केले आहे हे सांगणाऱ्या टिपाही लिहितो. कंपायलर किंवा असेंबलर या साधनांनी तिचे यंत्रभाषेत रूपांतर झाले की ही नावे आणि टिपा गळून पडतात. उरतात ते अंक : अमुक आज्ञेचा अंक, अमुक स्थानाचा अंक. ग्राहकाच्या हाती पडते ते हे अंकरूप लेखन होय. डॉसच्या ‘इएक्सई’ प्रकारच्या धारिकेच्या अगदी आरंभी ‘एम’ आणि ‘झेड’ ही दोन रोमन अक्षरे आढळतात. ती मायक्रोसॉफ्टमधील कार्यक्रमलेखक मार्क झ्बिकोव्स्की यांच्या नावाची आद्याक्षरे होत. पोथीचा लेखक आपले नाव शेवटी पुष्पिकेत घालतो. येथे धारिकेचा आकार ठरविणाऱ्याचे नाव आरंभीच कोरले गेले आहे. पुढील हजारो अंकांत मात्र माणसाने दिलेली नावे क्वचितच सापडतात.

यंत्रभाषेतील अंकांचे आज्ञांत पुन्हा लेखन करणारी डिसअसेंबलर नावाची साधने आहेत. त्यांच्या साहाय्याने ‘या स्थानी असलेली संख्या घे, तीत एक मिळव, तेथेच ठेव’ असे वाक्य मिळते. परंतु ती संख्या म्हणजे उरलेला वेळ, की पात्राचे बळ, की खोलीचा क्रमांक, हे त्या वाक्यात नसते. व्याकरण कळते, कोश मात्र हरवलेला असतो.

(३)

हा कोश पुन्हा कसा रचला गेला, हे भाषाभ्यासकाने पाहण्यासारखे आहे. खेळातील पातळ्यांचे नकाशे एका स्वतंत्र धारिकेत साठवलेले होते. हौशी अभ्यासकांच्या गटांनी २००० नंतरच्या दशकात या धारिकांच्या रचनेचे सविस्तर विवरण तयार केले. त्यांची पद्धती साधी होती. धारिकेतील एक बाइट बदलावयाचा, खेळ चालवावयाचा आणि पडद्यावर काय बदलले ते पाहावयाचे. एका ठिकाणी १ हा अंक असता फरशी दिसते, २ घातला की सुळे दिसतात, ४ घातला की सरकता दरवाजा दिसतो. बाकी सर्व तसेच ठेवून एकच घटक बदलणे आणि अर्थभेद होतो की नाही हे पाहणे, ही वर्णनात्मक भाषाविज्ञानाची विनिमय-कसोटीच होय. ‘काळ’ आणि ‘गाळ’ या लघुतम युग्मावरून क आणि ग हे मराठीतील स्वतंत्र स्वनिम ठरतात, त्याच न्यायाने १ आणि २ हे त्या संहितेतील स्वतंत्र चिन्हार्थ ठरले.

अशा शेकडो चाचण्यांतून जे चित्र निघाले ते असे : प्रत्येक पातळीत २४ खोल्यांची सोय आहे. प्रत्येक खोलीत तीन ओळी आणि दहा स्तंभ, म्हणजे ३० चौकटी. म्हणून चौकटींचे प्रकार सांगणारा ७२० बाइटांचा एक तक्ता, त्याच चौकटींची विशेष अवस्था सांगणारा तेवढाच दुसरा तक्ता, कोणती कळ दाबली असता कोणता दरवाजा हलतो हे सांगणारे २५६ बाइटांचे दोन तक्ते आणि प्रत्येक खोलीच्या चार बाजूंस कोणती खोली आहे हे सांगणारा ९६ बाइटांचा एक तक्ता. या सर्वांची बेरीज २,०४८ होते. पात्रांची आरंभीची स्थाने इत्यादी उरलेली माहिती २५६ बाइटांत बसते आणि एकूण २,३०४ होतात. चौकटीचा प्रकार एका बाइटातील आठांपैकी पाच बिटांनी सांगितला जातो, म्हणून प्रकार अधिकात अधिक ३२ असू शकतात. डॉसच्या धारिकेत प्रत्येक पातळीसोबत बेरजेवरून काढलेला ताळ्याचा एक बाइटही असतो. अध्यायाच्या अखेरीस ओवीसंख्या लिहून ठेवणाऱ्या लेखकाचाही हेतू हाच असे.

एका बाबतीत मात्र हे वाचन पोथीच्या किंवा शिलालेखाच्या वाचनाहून मूलतः भिन्न आहे. शिलालेखातील अक्षर बदलून त्यास ‘आता अर्थ काय?’ असे विचारता येत नाही. आज्ञावली मात्र चालविता येते आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नास तेच उत्तर तितक्याच वेळा देते. क्षेत्रीय अभ्यासातील निवेदकाचे कार्य येथे संहिता स्वतःच करीत असते. पण त्यासाठी ती चालवू शकणारे यंत्र, किंवा त्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारी आज्ञावली, जिवंत असली पाहिजे. यंत्र नाहीसे झाले की ही संहिताही शिलालेखासारखी मूक होते.

(४)

संहिता दुर्बोध होण्याची कारणे दोन प्रकारची असतात. एक, मुद्दाम केलेली गुप्तता. दुसरे, लेखनसाधनामुळे आपाततः आलेली दुर्बोधता. पहिल्या प्रकारचे मराठीतील ठळक उदाहरण म्हणजे महानुभावांच्या सांकेतिक लिप्या. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात गोदाकाठी असलेले पांचाळेश्वर, म्हणजेच आत्मतीर्थ, हे या पंथाचे एक प्रमुख स्थान होय. पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी लिप्यांत लिहून ठेविले. सकळ लिपीत वर्णमालेतील अक्षराच्या जागी दुसरे चिन्ह योजिले जाते. किल्ली ठाऊक असणारास ती सहज वाचता येते, इतरांस ती निरर्थक वाटते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत राजवाड्यांनी या लिपीचा उलगडा केला. त्यानंतर महानुभावांचे वाङ्मय मराठी वाङ्मयाच्या इतिहासात आले आणि त्या इतिहासाचा आरंभच नव्याने लिहावा लागला. येथे पडताळाही शक्य होता, कारण किल्ली परंपरेने जाणणारे पंथीय हयात होते.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या खेळात हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी आढळतात. खेळाच्या अनधिकृत प्रती निघू नयेत म्हणून डॉसच्या आवृत्तीत पहिल्या पातळीनंतर एक विशेष खोली योजिली होती. तेथे अक्षरांकित औषधाचे प्याले मांडलेले असत आणि छापील माहितीपुस्तिकेच्या अमुक पानावरील अमुक ओळीतील अमुक शब्दाचे पहिले अक्षर ज्या प्याल्यावर असेल तो प्यावा, अशी आज्ञा होई. पुस्तक ज्याच्याजवळ आहे त्यासच अर्थ कळावा, अशी ही ग्रंथाधारित संकेतपद्धती होय. पातळ्यांचे तक्ते मात्र कोणी लपविलेले नव्हते. अल्प स्मृतीत पुष्कळ माहिती बसवावयाची म्हणून ते तसे झाले. उलगडणाऱ्यास दोन्ही सारखीच दुर्बोध वाटतात, तथापि त्यांच्यामागील हेतू निराळे आहेत. आणि अंकांकडे पाहून हेतू सांगता येत नाही.

(५)

मेकनर यांच्याकडील ॲपल टूची मूळ आज्ञासंहिता कित्येक वर्षे हरवलेली होती. मार्च २०१२ मध्ये त्यांच्या वडिलांना घरातील एका खोक्यात साडेतीन इंची चकत्यांचा संच सापडला. जुन्या यंत्रांच्या जाणकारांच्या मदतीने एप्रिल २०१२ मध्ये त्यांवरील लेखन उतरवून घेण्यात आले आणि मेकनर यांनी ते सर्वांस पाहण्यासाठी गिटहबवर खुले केले.

सापडलेली संहिता ॲपल टूची होती, डॉसची नव्हे, हे येथे विसरता कामा नये. डॉसचे रूपांतर हे तिचेच अपत्य असल्याने दोहोंत जे समान ते मूळचे मानावयाचे, हा पोथ्यांच्या वंशवृक्षाचा नियम येथेही लागू पडतो. त्या नियमाने पाहता पडताळ्याचा निर्णय निःसंदिग्ध होता. कर्त्याच्या संहितेत पातळीच्या माहितीसाठी राखलेल्या जागा क्रमाने अशा आहेत : २४ गुणिले ३०, पुन्हा २४ गुणिले ३०, मग २५६, पुन्हा २५६, मग २४ गुणिले ४ आणि शेवटी २५६. प्रकार ओळखण्यासाठी खालचे पाच बिट वेगळे काढावेत, असेही तेथे नमूद आहे. बाहेरून काढलेले आकडे आणि कर्त्याने लिहिलेले आकडे एकच ठरले. १९५२ साली मायकेल व्हेन्ट्रिस यांनी मांडलेल्या ‘लिनिअर बी’ लिपीच्या उलगड्यास पुढल्याच वर्षी ब्लेगेन यांनी पायलॉस येथील तिवईची चित्रे असलेल्या मृत्तिकाफलकावरून पुष्टी दिली, त्या प्रसंगाची येथे आठवण व्हावी. व्हेन्ट्रिस यांस मिळाला तो एक फलक. येथे मूळ हस्तलिखितच हाती आले.

परंतु या पडताळ्याचे खरे मोल जेथे जुळणी झाली नाही तेथे आहे. आकडे जुळले, नावे जुळली नाहीत. अठराव्या क्रमांकाच्या चौकटीतील यंत्रास बाहेरचे वाचक ‘चावणारा’ या अर्थाचे ‘चॉम्पर’ हे नाव देत. कर्त्याने त्यास ‘कापणारा’ या अर्थाचे ‘स्लायसर’ हे नाव दिले होते. विसाव्या क्रमांकास वाचकांनी ‘भिंत’ म्हटले; कर्त्याने ‘ठोकळा’ म्हटले होते. चौकटींच्या तक्त्यांस वाचकांनी ‘पुढचा’ आणि ‘मागचा’ असे म्हटले. कर्त्याने दिलेल्या नावांच्या आरंभी ‘ब्लू’ हे पद आहे आणि ते इमारतीच्या आराखड्यास रूढ असलेल्या ‘ब्लूप्रिंट’ या शब्दावरून आले आहे. केवळ अंकांकडे पाहून हे नाव कोणासही काढता आले नसते. चिन्हाचे मूल्य त्याच्या इतर चिन्हांशी असलेल्या संबंधांवरून ठरते, हा सोस्यूर यांचा सिद्धांत येथे दोन्ही बाजूंनी सिद्ध होतो : संबंध पूर्णपणे परत मिळविता आले आणि संबंधांच्या बाहेरचे काहीही परत मिळविता आले नाही.

नावांप्रमाणेच कारणेही हरवतात. खेळात नायकाची छाया त्याची शत्रू म्हणून उभी राहते. नायकाचेच चित्र किंचित सरकवून त्यावर एक तार्किक क्रिया केली की ही छाया तयार होते, हे आज्ञा वाचून समजते. ही युक्ती का योजिली, हे मात्र आज्ञांत नाही. यंत्राच्या स्मृतीत दुसऱ्या पात्राच्या चित्रांस जागाच उरली नव्हती म्हणून आहे त्याच चित्रांतून नवे पात्र निर्माण करावे लागले, हे मेकनर यांच्या स्वतःच्या कथनावरून कळते. कथेचा गाभा वाटणारा प्रसंग जागेच्या टंचाईतून जन्मला, हे इतिहासकारास महत्त्वाचे वाटेल. संहितेच्या वाचकास ते कळण्याचा मार्ग नाही.

(६)

उलगड्यानंतर संपादनाचा प्रश्न उभा राहतो. २०१० नंतरच्या दशकात डॉसच्या आवृत्तीचे यंत्रलेखन आरंभापासून अखेरपर्यंत वाचून ते ‘सी’ या भाषेत पुन्हा लिहिण्याचे काम झाले. ‘एसडीएलपीओपी’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. त्यात बहुतेक प्रत्येक भागाच्या आरंभी तो मूळ यंत्रलेखनात कोणत्या स्थानी आढळतो याची नोंद केलेली आहे. मूळ खेळातील दोषांविषयीचे धोरण अधिक उद्बोधक आहे. दोष नाहीसे करणाऱ्या दुरुस्त्या स्वतंत्र पर्याय म्हणून दिल्या आहेत. वाचकाने त्या निवडल्या तर लागू होतात, न निवडल्या तर खेळ आपल्या मूळ दोषांसह चालतो.

चिकित्सक आवृत्तीत मूळ पाठ वर आणि सुचविलेला पाठ तळटीपेत ठेवण्याची जी शिस्त आहे, तीच ही. एकनाथांच्या शुद्धीने ज्ञानेश्वरी लोकांस सुवाच्य झाली, हे तिचे थोर कार्य होय. पण कोणते पाठ त्यांनी बदलले याची नोंद त्या शुद्धीसोबत राहिली नाही, म्हणूनच पूर्वरूपाचा शोध पुढील शतकांस घ्यावा लागला. दुरुस्ती करणे हा दोष नव्हे. दुरुस्ती आणि मूळ यांतील सीमा पुसणे हा दोष होय.

या उद्योगास कायद्याची मर्यादा आहे. भारतात कॉपीराइट अधिनियम, १९५७ यात १९९९ साली झालेल्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये आज्ञावलीच्या कार्याचे निरीक्षण, अभ्यास व चाचणी करण्यास आणि स्वतंत्रपणे रचलेल्या दुसऱ्या आज्ञावलीशी मेळ साधण्यापुरती आवश्यक माहिती मिळविण्यास काही अटींवर मोकळीक दिली आहे. चित्रे, संगीत आणि नाव यांवरील हक्क त्यामुळे संपुष्टात येत नाहीत. अभ्यासाचा अधिकार आणि प्रतीच्या वितरणाचा अधिकार हे वेगळे आहेत.

(७)

हा विषय परक्या देशातील एका खेळापुरता मर्यादित असता तर मराठी भाषेच्या अभ्यासकाने त्यात फार काळ रमण्याचे कारण नव्हते. परंतु डॉस आणि आरंभीच्या विंडोजच्या काळात मराठीचे लेखनही अशाच बंद संहितांत साठविले गेले. १९८८ साली पुणे येथे स्थापन झालेल्या सी-डॅकच्या कार्यातून आणि १९९१ च्या ‘इस्की’ या भारतीय मानकातून अक्षरांस निश्चित अंक मिळाले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडमध्ये देवनागरीस १२८ स्थानांचा विभाग मिळाला. छपाईच्या व्यवसायात मात्र पुढे दीर्घकाळ निरनिराळ्या कंपन्यांचे फाँट चालले आणि प्रत्येकाचा संकेत निराळा होता. त्यांत अक्षरास अंक नसून आकारास अंक असे : काना निराळा, वेलांटी निराळी, अर्धा ‘त’ निराळा. ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर साठविला जाई, कारण कागदावर तोच क्रम दिसतो. युनिकोडात उच्चाराचा क्रम पाळला जातो. तो फाँट जवळ नसेल तर ती धारिका रोमन अक्षरांचा अर्थहीन समूह म्हणून उघडते. जिल्ह्याजिल्ह्यांतील नियतकालिके, स्मरणिका, अप्रकाशित प्रबंध आणि बोलींचे शब्दसंग्रह अशा धारिकांत पडून आहेत. सकळ लिपीची किल्ली पंथाने जपली. या फाँटांची किल्ली जपण्याचे दायित्व कोणावरही नाही.

या धारिकांचा उलगडा कठीण नाही. वर वर्णिलेली विनिमय-कसोटी त्यास पुरेशी आहे. अवघड आहे तो पडताळा. जोडाक्षरांत, रफारात, क्वचित येणाऱ्या चिन्हांत रूपांतराच्या चुका होतात आणि बोलीच्या शब्दसंग्रहात तर चुकीचे रूप हे खरे बोलीरूप म्हणून स्वीकारले जाण्याचा धोका असतो. तेव्हा युनिकोडात रूपांतर झाले म्हणून मूळ धारिका पुसून टाकू नये. त्या काळी कागदावर छापलेली प्रत असेल तर ती धारिकेसोबत राखावी. आणि रूपांतराचा तक्ता रूपांतरित संहितेबरोबरच प्रसिद्ध करावा, इतकी शिस्त विद्यापीठीय विभागांनी तरी पाळली पाहिजे.

अंबाजोगाई येथे दासोपंतांची (१५५१-१६१५) पासोडी आहे. सुमारे चाळीस फूट लांबीच्या या वस्त्रावर त्यांनी ‘पंचीकरण’ लिहिले. चार शतके लोटली तरी तिच्यावरील एखाद्या शब्दाच्या वाचनाविषयी शंका आल्यास त्या वस्त्राकडे पुन्हा जाता येते. पाटांगणाच्या पोथीविषयी तसे करता येत नाही. एकाच जिल्ह्यातील या दोन संहितांच्या भवितव्यात जो फरक पडला, तो त्यांच्या वाचकांच्या विद्वत्तेमुळे पडलेला नाही. एक मूळ राहिले आणि दुसरे राहिले नाही, इतकेच त्याचे कारण आहे.